'नैसर्गिक' झोपेची बाटली

आपल्या वस्त्यांमध्येही आता झोपेसाठीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांची बाटली शिरली आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन. महिनोन् महिने अंगात त्राण नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मेडिकलवाला अश्वगंधा पुढे करतो. नैसर्गिक आहे, काही होत नाही म्हणे! धोतराही नैसर्गिकच आहे.

अश्वगंधेने काहींना थोडी बरी झोप लागते, हे अभ्यासांत दिसले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. थायरॉईडच्या रुग्णाने ती मनाने घेऊ नये, गरोदर बाईने घेऊच नये. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मेलाटोनिनची गोष्ट वेगळीच. कॅनडात विकली जाणारी उत्पादने तपासून २०१७ मध्ये अहवाल आला, त्यात प्रत्यक्ष मात्रा लेबलापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत निघाली!

मुळात थकवा कशाचा, हे कोण विचारणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तच कमी, तिथे झोपेची गोळी काय करणार? आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासून घ्या. त्यानंतरही बाटली घ्यायचीच असेल, तर चालू औषधांसह ती डॉक्टरांना दाखवा. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.