खतावणीत उशिरा पडणारी नोंद

१९९५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथील नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत प्रयोगशाळेतील उंदीर दगावू लागले. रोग निघाला एक्ट्रोमेलिया, म्हणजे उंदरांची देवी. त्याचा माग बाजारातून विकत घेतलेल्या सीरमपर्यंत, म्हणजे उंदरांच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या द्रवापर्यंत पोहोचला. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्येही हेच घडले. तेथील सीरम चीनमधून आलेले होते. माल पारखून घ्यावा, हे पेढीवरच्या नवख्या पोरालाही शिकवावे लागत नाही!

या रोगात सगळेच उंदीर आजारी दिसत नाहीत. बाल्ब-सी वंशाचे काही दिवसांत मरतात. सी-५७ ब्लॅक-६ वंशाचे बहुधा धडधाकट दिसतात, पण त्यांच्यापासूनही लागण होऊ शकते. म्हणून डोळ्यांवर न विसंबता रक्त तपासावे लागते. एलायझा चाचणीत प्लास्टिकच्या पट्टीवरील खळग्यांत विषाणूचे अंश बसवलेले असतात. रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असली तर ती तेथे चिकटतात आणि पुढे रंग उमटतो.

म्हणजे ही चाचणी विषाणूला पाहतच नाही. शरीराने केलेली त्याची नोंद तेवढी पाहते. रोकड आज गेली आणि खतावणीत नोंद आठवड्या-दोन आठवड्यांनी पडली, तर मधल्या काळात खाते स्वच्छच दिसणार. नव्या लागणीचे तसेच होते. स्किड वंशाच्या उंदरांत तर प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. त्यांची वही कोरीच. म्हणून शेजारी निरोगी पहारेकरी उंदीर ठेवतात, इतरांच्या पिंजऱ्यांतील वापरलेला भुसा त्यांच्याकडे टाकतात आणि काही आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासतात. उंदरांच्या यकृतदाहाचा विषाणू असा हाती लागतो. श्वासावाटे पसरणारा सेंडाई विषाणू मात्र भुशातून फारसा पोहोचत नाही, आणि पहारेकऱ्यांचे रक्त निर्दोष ठरते.

सीरम पारखण्याची जुनी रीत अशी, की ते निरोगी उंदरांना टोचायचे आणि सुमारे चार आठवड्यांनी त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे शोधायची. आता पीसीआर चाचणी नमुन्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते. त्यासाठी एकाही जिवाला सुई टोचावी लागत नाही. जीवदया मानणाऱ्या घरांत हा फरक लहान वाटू नये. तरीही रक्ततपासणी मागे पडलेली नाही. विषाणू येऊन शरीरातून निघून गेला असेल, तर पीसीआरच्या हाती काही लागत नाही. रक्तातील नोंद मात्र शिल्लक असते.