टार्गेट पूर्ण झालं, पण अंदमान बघून झालं का?

विमा, औषधं, बियाणं, टाइल्स, मोबाइल अशा कुठल्याही विक्रीच्या कामात असाल तर वर्षाअखेरीची ती मेल तुमच्या ओळखीची असेल. वर टार्गेट पूर्ण करणाऱ्यांची नावं आणि खाली ठिकाण. बजेट चांगलं असेल तर बाली किंवा थायलंड, आखडलं तर गोवा, मधलं असेल तर अंदमान. मी औषध कंपनीत काम करतो. आमच्या विभागाला अंदमान मिळालं, चार रात्री आणि पाच दिवस. मी गेलो, समुद्रात मनसोक्त डुंबलो आणि कंपनीबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मला बोलायचंय ते त्या पाच दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल, कारण अंदमानला जाणाऱ्या बहुतेक ग्रुपच्या हातात थोड्याफार फरकानं हाच कागद असतो.

पहिला दिवस: विमानतळ, कॉर्बिन्स कोव्ह बीच, सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो. मग हॅवलॉक, राधानगर बीच, स्नॉर्केलिंग. मग नील बेट. शेवटच्या दिवशी खरेदी आणि परतीचं विमान. म्हणजे इतिहासाला साधारण तीन तास, तेही एकाच इमारतीत. तिथून माणूस डोळे पुसत बाहेर येतो आणि इतिहास संपला असं समजून जेवायला जातो. गंमत अशी की त्या कागदावरची जवळपास प्रत्येक ओळ इतिहासच आहे, फक्त तो कुणी सांगत नाही.

हॅवलॉकच घ्या. जनरल हेन्री हॅवलॉक हा 1857 मध्ये कानपूर परत जिंकणारा सेनापती. नील म्हणजे जेम्स नील. अलाहाबाद आणि कानपूरच्या परिसरात त्यानं ज्या पद्धतीनं सूड घेतला, त्याची आठवण त्या भागात अजून निघते. ज्या बंडवाल्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं, त्यांच्या तुरुंगाशेजारच्या बेटांना त्यांची गावं जाळणाऱ्या फौजेच्या सरदारांची नावं दिली गेली. 2018 मध्ये सरकारनं हॅवलॉकचं स्वराज द्वीप केलं, नीलचं शहीद द्वीप, आणि रॉस बेटाला नेताजींचं नाव दिलं. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. पाट्या बदलल्या. पण टूरवाल्यांच्या कागदावर अजून हॅवलॉकच छापलेलं असतं, आणि हॅवलॉक कोण होता हे आमच्या बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. जे नाव का टोचत होतं हेच ठाऊक नाही, ते बदलून आपल्याला नेमकं काय कळलं?

मराठी घरात अंदमान पोचतं ते मुख्यतः सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधून. शाळेत असताना आपणही ते असंच ऐकलेलं असतं. त्या पुस्तकात मुसलमान भेटतो तो बहुतेक करून कैद्यांना छळणारा पठाण जमादार म्हणून. असे जमादार होते, ते नाकारायचं कारण नाही. कैद्यांवर कैद्यांनाच मुकादम नेमायचं आणि त्यांना आपसात भिडवत ठेवायचं, ही ब्रिटिश तुरुंगाची पद्धतच होती. पण त्या एका प्रतिमेच्या आधीची पन्नास वर्षं आपल्या डोळ्यांसमोर कधी आणलीच जात नाहीत.

सेल्युलर जेल बांधायला 1896 मध्ये सुरुवात झाली आणि 1906 मध्ये ते पूर्ण झालं. कैद्यांची वसाहत मात्र त्याआधी जवळजवळ चार दशकं सुरू होती. 10 मार्च 1858 रोजी डॉ. जेम्स वॉकर 200 कैद्यांना घेऊन तिथं उतरला. तेव्हा कोठडी नव्हती, भिंत नव्हती. होतं ते जंगल, मलेरिया आणि पायातल्या बेड्या. पहिल्या काही महिन्यांत पळून जाऊन सापडलेल्या 80 हून अधिक कैद्यांना वॉकरनं फासावर चढवलं. लाइट अँड साउंड शो ज्या इमारतीत होतो, तिची पहिली वीट तेव्हा भाजलीसुद्धा नव्हती.

याच काळात मौलाना फजल-ए-हक खैराबादी तिथं आले. तर्कशास्त्राचे मोठे पंडित आणि गालिबचे दोस्त. 1857 च्या उठावात सामील झाल्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली. उतारवयात त्यांनी तिथं हमाली कामं केली आणि त्याच अवस्थेत अरबी भाषेत उठावाची हकीकत लिहिली. 1861 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर आजही त्या बेटावर आहे. आमच्या कागदावर ती नव्हती.

जेलच्या गच्चीवर उभे असताना ग्रुपमधल्या एका मित्रानं मला विचारलं, “तुमच्यातले पण होते का रे इथं?” चाळीस जणांत मी एकटाच मुसलमान. प्रश्नात खोट नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि विचारावंसं वाटलं हे चांगलंच झालं. पण ‘तुमच्यातले’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो, आणि लगेच आपण यादी काढतो. मला बोलायचंय ते या यादीबद्दल.

गेली काही वर्षं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वातंत्र्यलढ्यातल्या मुसलमानांच्या याद्या फिरतात. त्यातली एक तर ठरलेली: इंडिया गेटवर अमुक इतक्या हजार मुस्लिम स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरली आहेत. इंडिया गेट ब्रिटिशांनी बांधलं. त्यावर आहेत ती पहिलं महायुद्ध आणि 1919 च्या अफगाण युद्धात ब्रिटिशांच्या फौजेकडून लढताना मेलेल्या सैनिकांची नावं. तरी आपण ते पुढे ढकलतो. कारण आपल्याला इतिहास हवा नसतो, चारित्र्याचा दाखला हवा असतो. दाखला मागणाऱ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहिलं की मग कागद खरा आहे की खोटा हे बघायला सवड उरत नाही. आणि नागरिक म्हणून आपला हक्क संविधानानं दिलेला आहे, पणजोबांच्या फाशीवर तो अवलंबून नाही. ज्याच्या घराण्यातलं कुणीच कधी तुरुंगात गेलं नाही, त्याचाही या देशावर तेवढाच हक्क आहे.

दाखल्याच्या हिशेबानं अंदमानकडे बघितलं तर अंदमान हातातून निसटतं, कारण तिथली माणसं दाखल्यात मावत नाहीत.

शेर अली आफ्रिदीचंच बघा. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त बघून खाली होपटाउनच्या धक्क्यावर आला, तेव्हा अंधारात शेर अलीनं त्याला सुरीनं भोसकलं. पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय. 11 मार्चला व्हायपर बेटावर शेर अलीला फाशी झाली. आपल्या पोस्टमध्ये तो थेट क्रांतिकारक म्हणून येतो. पण तो पेशावरकडे ब्रिटिशांच्याच नोकरीत होता, आणि अंदमानात आला होता तो घराण्याच्या वैरातून झालेल्या खुनाच्या शिक्षेवर. ती शिक्षा त्याला अन्याय वाटत होती. मग तो देशभक्त होता, सूड घेणारा होता, की दोन्ही? मी मित्राला हे सगळं सांगितलं, खुनासकट. त्याला ते कुठल्याही यादीपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

किंवा मौलवी जाफर थानेसरी. 1864 च्या अंबाला खटल्यात त्यांना फाशी सुनावली, नंतर ती काळ्या पाण्यावर आली. 1866 मध्ये ते अंदमानात पोचले. तिथं ते इंग्रजी शिकले, सरकारी कचेरीत मुन्शी झाले, साहेबांना उर्दू शिकवू लागले. तिथंच निकाह केला, मुलंबाळं झाली आणि 1883 मध्ये ते परतले. नंतर या सगळ्यावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. राजद्रोही कैदी आणि सरकारी कारकून हे दोघं एकच माणूस.

मापिला कुटुंबांचंही तसंच. 1921 च्या मलबारच्या उठावानंतर शेकडो मापिला शेतकऱ्यांना अंदमानात धाडलं गेलं. पुढे त्यांची कुटुंबंही आली. जंगल साफ करून वसवलेल्या वस्त्यांना त्यांनी आपल्या मुलखातली नावं दिली: कालिकत, मंजेरी, मलप्पुरम, तिरूर, वंडूर. जॉली बॉय बेटाची बोट ज्या वंडूरच्या धक्क्यावरून सुटते, ते हेच वंडूर. केरळातल्या एका गावाच्या आठवणीत ठेवलेलं नाव आपण रोज बोटीच्या तिकिटावर वाचतो आणि पुढे जातो. त्या उठावाबद्दल आजही दोन टोकाची मतं आहेत आणि त्यावर वाद व्हायलाच हवा. पण ज्यांनी घर गमावलं आणि परक्या मातीला घराचं नाव दिलं, ती माणसं त्या वादाच्या पलीकडेही उरतात.

आणखी एक गोष्ट आपल्या यादीत कधीच येत नाही. ही बेटं रिकामी नव्हती. 1858 मध्ये ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. 17 मे 1859 रोजी त्यांनी ॲबर्डीनच्या वसाहतीवर मोठा हल्ला केला. पण त्यांच्यात राहून, त्यांच्यातच लग्न करून परत पळालेल्या दूधनाथ तिवारी या कैद्यानं इंग्रजांना आधीच खबर दिली होती. बाण बंदुकांपुढे टिकले नाहीत. पुढे रोगराई आली. 1863 मध्ये पाद्री हेन्री कॉर्बिननं त्यांना ‘सुधारण्यासाठी’ अंदमान होम काढलं. कॉर्बिन्स कोव्हवर शहाळं पिताना हे नाव आठवून बघा. 2010 च्या जानेवारीत बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर बो भाषा संपली. आज ग्रेट अंदमानी साधारण 50 उरले आहेत.

म्हणजे आपले शहीद, हिंदू असोत की मुसलमान, ज्या जमिनीवर बेड्या ओढत होते ती दुसऱ्या कुणाची तरी होती. जंगल तोडायला लावलं इंग्रजानं, कुऱ्हाड होती कैद्याच्या हातात. 2012 मध्ये जारवा मुलींना खाऊच्या बदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला, तेव्हा कॅमेऱ्यामागे कुणी गोरा साहेब नव्हता, आपणच होतो. ज्यांना स्वतःकडे ‘तुमच्यातले’ म्हणून बघितलेलं टोचतं, त्यांनी तरी जारवांच्या राखीव जंगलातून जाताना गाडीच्या काचेला नाक लावू नये.

या बेटांनी एक वेगळी गोष्टही घडवली. शिक्षा भोगून सुटलेले पुरुष आणि कैदी बायका यांची तिथं लग्नं झाली. जात, धर्म, मुलूख यांची कुंपणं अनेकदा बाजूला पडली, आणि हिंदुस्थानी ही सगळ्यांची बोली झाली. त्यांच्या वंशजांना तिथं ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. तुमच्या गाडीचा ड्रायव्हर कदाचित त्यांच्यातलाच असेल. त्याला त्याच्या घराण्याबद्दल विचारा. गाइडपेक्षा जास्त कळेल.

तेव्हा पुढच्या वर्षी तुमच्या मेलमध्ये अंदमान आलं तर जरूर जा. टार्गेट तुम्ही घाम गाळून पूर्ण केलंय. स्नॉर्केलिंग करा, फोटो काढा. फक्त तारखा ठरायच्या आधी एचआरला एक ओळ लिहा: अर्धा दिवस मोकळा ठेवाल का? त्या अर्ध्या दिवसात खैराबादींच्या कबरीवर फातिहा पढा, आणि पोर्ट ब्लेअरच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात जाऊन अंदमानींबद्दल वाचा. सोबत यायला एखादा बिगरमुस्लिम सहकारीही सांगा. आमच्या ग्रुपमधला तो मित्र पुढच्या वेळी नक्की येतो म्हणालाय.