वर्गातले धर्म

धर्माचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेक जण ‘सगळे धर्म एकच शिकवण देतात’ असे म्हणून पुढच्या घटकाकडे वळतात. हेतू चांगलाच असतो. पण तिसरीतल्या मुलाचे त्याने समाधान होत नाही, कारण त्याला फरक रोज दिसतात. मित्राचा मोठा भाऊ रमजानमध्ये दिवसभर पाणीही पीत नाही, मैत्रिणीच्या डब्यात कांदा-लसूण कधीच नसतो. ‘असं का?’ हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे खरे उत्तर शिक्षकाने द्यायला हवे.

राज्यघटनेच्या 28व्या कलमानुसार संपूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. याचा अर्थ धर्माचे नावही काढायचे नाही, असा अनेक शिक्षकांनी करून घेतला आहे. तो बरोबर नाही. एखाद्या धर्माचे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीची माहिती वेगळी, हा फरक कोठारी आयोगाने (1964–66) केला होता. अरुणा रॉय खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नसल्याचे म्हटले. काय मानावे हे आपण सांगायचे नाही. लोक काय मानतात हे जरूर सांगावे, तेही अचूक.

दसऱ्याचा पाठ घ्या. पाटीपूजन, आपट्याची पाने, सीमोल्लंघन एवढे सांगून आपण थांबतो. त्याच दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात, कारण 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळच्या 22 प्रतिज्ञांमध्ये हिंदू देवदेवतांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या मुलाच्या घरचे लोक दीक्षाभूमीला निघाले आहेत, ते सरस्वतीच्या चित्रासमोर हात जोडत नसेल तर तो हट्ट नव्हे. त्या दिवशी फळ्यावर दसऱ्याच्या दोन्ही कहाण्या लिहा. मात्र त्या मुलाला उभे करून ‘सांग तुमच्याकडे काय करतात’ असे विचारू नका. आठ वर्षांच्या मुलावर अख्ख्या समाजाची बाजू मांडण्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. त्याला स्वतःहून बोलावेसे वाटले, तर सगळ्यांनी ऐकावे.

एका धर्माला एक पान, एक सण, एक चित्र ही पद्धतही सोडायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचे उंच ताबूत निघतात आणि त्यांत हिंदू मंडळीही सहभागी होतात. ते कोणत्या पानावर बसवणार? मोहरमवरून पाचवीचा एक सुंदर तासही होतो. इस्लामी वर्ष चंद्राच्या गतीवर चालते, ते सुमारे 354 दिवसांचे असते. म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. आपल्या पंचांगाचे महिनेही चांद्रच, पण अधिक महिना धरल्याने दिवाळी ऋतू सोडत नाही. चार-पाच वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका मुलांपुढे ठेवा आणि हा फरक त्यांनाच शोधू द्या.

शेवटी परिपाठाविषयी. याच 28व्या कलमानुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रार्थना कोणती घ्यायची हे नवे वर्ष सुरू होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांशी बोलून ठरवा. आणि एखादे मूल हात न जोडता शांत उभे राहिले, तर त्याला रांगेबाहेर काढू नका.