संकेतस्थळ उभारले, जागल कोण करणार?

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत सीमेप्रमाणेच महाजालावरही हल्ले झाले. महाराष्ट्र सायबर विभागाने १२ मे रोजी दिलेल्या माहितीनुसार, भारतीय यंत्रणांवर सुमारे १५ लाख हल्ले करण्यात आले आणि त्यांपैकी केवळ १५० यशस्वी ठरले. हा आकडा दिलासा देणारा खरा. परंतु यशस्वी हल्ल्यांमध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचा उल्लेख होता. त्याचे पान विद्रूप करण्यात आले होते. तत्पूर्वी जून २०२२ मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालयाचे संकेतस्थळ हॅक झाले होते.

एका नगरपरिषदेचे पान हे काही युद्धातील मोक्याचे ठाणे नव्हे. तरीही ते बळी पडले, याचा विचार गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावानेही करावयास हवा. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत आज नगरपंचायती, शाळा, आश्रमशाळा, दवाखाने, पतसंस्था यांची लहानमोठी संकेतस्थळे आहेत. ‘आपल्या आडवळणाच्या गावाकडे कोण पाहणार?’ अशी त्यांच्या चालकांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु हल्लेखोर नकाशा पाहत नाहीत. त्यांच्या स्वयंचलित आज्ञावल्या जगभरातील लाखो संकेतस्थळे रात्रंदिवस चाचपत असतात आणि जे दार उघडे सापडेल त्यातून आत शिरतात. त्यांना गोंडपिपरी आणि न्यूयॉर्क सारखेच.

हे दार पुष्कळदा ‘प्लगइन’च्या रूपाने उघडे राहते. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही विनामूल्य प्रणाली आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांचा आधार आहे. तिला छायाचित्रांचे दालन, प्रवेश अर्ज, देणगीची सोय अशा सुविधा जोडणाऱ्या लहान आज्ञावल्यांना प्लगइन म्हणतात. त्या वेगवेगळ्या व्यक्ती वा कंपन्या तयार करतात. कोणी नेटाने सांभाळतो, कोणी अर्ध्यावर सोडून देतो. मूळ घर भक्कम असले, तरी मागाहून ठोकलेल्या खिडकीची कडी सैल असेल, तर चोराला तेवढे पुरते.

अलीकडील तीन घटना पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये ‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ या सुमारे सात लाख संकेतस्थळांवरील प्लगइनमध्ये असे आढळले, की केवळ नमुन्यादाखल असलेली एक फाइल चालू स्थितीत राहून गेली होती. तिच्याद्वारे कोणीही, पासवर्डाशिवाय, संकेतस्थळावर स्वतःची आज्ञावली चढवू शकत होता. दुरुस्ती १ सप्टेंबरला प्रसिद्ध झाली. हल्ले मात्र तोवर सुरू झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ या चक्क सुरक्षेसाठीच असलेल्या आणि चाळीस लाखांहून अधिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्लगइनमध्ये दोष सापडला. त्यातील दुहेरी पडताळणीची सोय सुरू असेल, तर त्याच सोयीतील चुकीमुळे परका माणूस व्यवस्थापक म्हणून आत येऊ शकत होता. तिसरी घटना २०१७ ची. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख ठिकाणी वापरात असलेले प्लगइन मूळ लेखकाने विकले, आणि नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीतूनच लपवलेल्या जाहिरातींची आज्ञावली आत सोडली. म्हणजे दोष चुकीने राहतो, तसा हेतुपुरस्सर पेरलाही जातो.

यात आपले काय जाते? विद्रूप झालेले पान दोन दिवसांत पुन्हा लावता येते. परंतु देणगीच्या पानावरील खाते क्रमांक गुपचूप बदलला गेला, तर दात्याचा पैसा भलतीकडे जातो आणि संस्थेला ते महिनोन्‌महिने कळत नाही. सरकारी व शैक्षणिक संकेतस्थळांत रमीच्या जाहिराती घुसवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. सर्वांत गंभीर बाब म्हणजे प्रवेश अर्जांतून जमलेली मुलांची नावे, छायाचित्रे, पालकांचे मोबाइल क्रमांक, आधार कार्डाच्या प्रती. दुर्गम पाड्यावरील पालकाने विश्वासाने दिलेली ही माहिती सांभाळणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. परंतु दंड नसता, तरी कर्तव्य तेच राहिले असते.

उपाय महागडे नाहीत. पहिला, प्लगइन मोजकेच ठेवावेत. जे वापरात नाही ते केवळ बंद न ठेवता पुरते काढून टाकावे. दुसरा, अद्ययावत आवृत्त्या आपोआप बसण्याची सोय सुरू करावी. गावात वीज वा नेटवर्क नसते ही सबब येथे चालत नाही. कारण संकेतस्थळ दूरच्या सर्व्हरवर असते आणि दुरुस्ती तेथेच बसते. विकलेल्या प्लगइनची गोष्ट पाहून कोणी म्हणेल, की मग अद्ययावत करूच नये. परंतु जुन्या, जाहीर झालेल्या दोषांमुळे होणारे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे आहे. तिसरा, दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्लगइनची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली ते पाहावे. एखादे प्लगइन अधिकृत यादीतून हटवले गेले, तरी वर्डप्रेस त्याची सूचना आपल्याला देत नाही. चौथा, सशुल्क प्लगइनच्या फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रती कदापि वापरू नयेत. त्यांत बहुधा मागचे दार ठेवलेले असते. पाचवा, व्यवस्थापकाचे अधिकार एकदोघांनाच द्यावेत, पासवर्ड कोणाशी वाटून घेऊ नये आणि संपूर्ण बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवून तो परत बसतो की नाही, हे एकदा पडताळावे. सहावा, प्रवेशप्रक्रिया संपताच अर्जांतील माहिती संकेतस्थळावरून काढून घ्यावी. जे तेथे नाही ते तेथून चोरले जाऊ शकत नाही.

एवढे करूनही घुसखोरी झालीच, तर पान तात्पुरते बंद करावे, नोंदी पुसू नयेत, सर्व पासवर्ड बदलावेत आणि स्वच्छ बॅकअपवरून उभारणी करावी. आर्थिक फसवणूक असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. संस्थांनी अशा घटना सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवाव्यात, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे.

आपल्याकडील खरी उणीव तंत्राची नसून नेमणुकीची आहे. संकेतस्थळ कोणा तरुणाकडून एकदा बनवून घेतले जाते, उद्घाटन होते, तो तरुण नोकरीसाठी नागपूर-पुण्याला जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. आपला शेतकरी धान पिकास आले की जागलीला जातो. रानडुकरे आज येतील की उद्या, हे त्याला ठाऊक नसते, तरी तो मळ्यावर असतो. संकेतस्थळालाही तशीच जागल हवी. तेव्हा प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीने येत्या बैठकीत तीन गोष्टींचा ठराव करावा : संकेतस्थळाचे नाव व त्याची खाती संस्थेच्याच नावे असतील, देखभालीसाठी दरवर्षी काही रक्कम राखली जाईल, आणि अमुक एक व्यक्ती, नावानिशी, त्याची महिन्याला तपासणी करील. हे ज्यांना शक्य नाही, त्यांनी प्लगइन, अर्ज यांच्या फंदात न पडता पत्ता, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक एवढेच साधे पान ठेवावे. त्यात कमीपणा काहीच नाही.