चाळीलाही नाक हवे
प्रवराकाठच्या कोल्हार-राहाता पट्ट्यात उन्हाळी कांदा चाळीत भरला, की शेतकऱ्याची भिस्त नाकावर. पण उग्र वास बाहेर येईपर्यंत आतल्या थरातली सड शेजारच्या कांद्यांना लागलेली असते. वरची पत्ती मात्र कोरडी, धडधाकट. म्हणून यंत्राला वास घ्यायला शिकवणे ही चैन नव्हे. १९८२ साली वॉरविक विद्यापीठात पर्साद आणि डॉड या संशोधकांनी अनेक संवेदकांच्या एकत्रित प्रतिसादातून वास ओळखणारे ‘नाक’ मांडले. कोलकात्याच्या सी-डॅक या संशोधन संस्थेने तेच तंत्र चहाची प्रत ठरवायला वापरले, तर लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी साठवलेल्या कांद्यातून सुटणारे वायू टिपणारे उपकरण घडवले.

आक्षेप रास्त आहेत. पावसाळी दमटपणात संवेदक चकतात, वेळोवेळी जुळवावे लागतात, एकट्या अल्पभूधारकाला झेपत नाहीत. पण यंत्राने रोगाचे नाव सांगायची गरजच नाही. कालच्यापेक्षा आज हवा बदलली, एवढा इशारा पुरे. किमतीचे म्हणाल, तर कांदाचाळीला अनुदान मिळतेच. त्यातच संवेदकाचा खर्च धरावा आणि देखभाल शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे सोपवावी. निवडणीच्या बायांचा रोजगार बुडेल, असेही कुणी म्हणेल. काम थोडे कमी होईल, हे खरे. पण यंत्र फक्त कप्पा दाखवेल, सडका कांदा हातानेच वेचावा लागेल.