निळं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी?

परीक्षा संपत आल्या, की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सुट्टीत मुलांना कुठे घालायचं? यादीत पोहण्याचा वर्ग बहुतेक पहिला. ते योग्यच आहे. पोहता आलंच पाहिजे, मुलांना आणि आपल्यालाही. पण मैत्रिणींनो, फी किती, लेडीज बॅच कधी, कॉस्च्यूम कुठे स्वस्त मिळतो, याची बारीक चौकशी करणाऱ्या आपण त्या पाण्याची चौकशी करतो का?

पाणी निळंशार दिसलं, की आपण निर्धास्त होतो. अहो, निळी असते ती फरशी! पाणी चांगलं आहे की नाही, हे सांगतात दोन आकडे. दर लिटरला साधारण एक ते तीन मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ च्या दरम्यान सामू, म्हणजे पीएच. कडक उन्हात क्लोरीन उडून जातो, गर्दी वाढली की संपतो. म्हणून सकाळी एकदा तपासून भागत नाही. दिवसातून अनेकदा तपासावं लागतं.

आणखी एक गैरसमज. नाकात झोंबणारा वास आला, की आपण म्हणतो, 'वा, भरपूर औषध टाकलंय!' खरं तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला, की तो उग्र वास येतो. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. म्हणूनच तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ हवी. जुलाब होत असलेल्या मुलाला तर तलावावर न्यायचंच नाही. जुलाबाचा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस जिवंत राहतो.

आमच्या मंडळाच्या चार-पाच जणी मागच्या उन्हाळ्यात जवळच्या एका तलावावर गेलो आणि पाण्याचं रजिस्टर मागितलं. 'मॅडम, आजवर कुणी मागितलं नाही,' हे पहिलं उत्तर. बऱ्याच वेळाने वही आली. महिनाभर रोज तोच आकडा, एकाच शाईत, एकाच हाताचा! आम्ही म्हटलं, आत्ता आमच्यासमोर तपासा. परीक्षानळीत थेंब टाकले, तर पाण्याला जेमतेम रंग आला. तीन आठवडे खेटे घातले, तेव्हा कुठे दारात फळा लागला: वेळ, क्लोरीन, सामू आणि तपासणाऱ्याची सही.

प्रश्न फक्त पाण्याचा नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची ग्रॅमी बेकर ही मुलगी गरम पाण्याच्या टबात तळाच्या जाळीला ओढली गेली. पाणी खेचण्याची ताकद एवढी, की आईला तिला सोडवता येईना. अखेर दोघांनी ओढून काढलं, पण ती वाचली नाही. तिची आई नॅन्सी बेकर गप्प बसली नाही. तिच्या पाठपुराव्यातून २००७ मध्ये तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. त्या कायद्याला ग्रॅमीचंच नाव आहे. आपल्याकडे तर मुलींचे केस लांब. तुटलेल्या किंवा सैल जाळीत ते अडकू शकतात. टोपी घातलेली हवीच, पण आधी जाळी धड हवी.

क्लोरीनची साठवण हाही दुर्लक्षित विषय. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीत महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. आणि जीवरक्षक? बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात वर करून ओरडत नाही. बहुतेकदा ते आवाज न करता खाली जातं. त्यामुळे मोबाइलवर बोलणारा किंवा त्याच वेळी वर्गही घेणारा जीवरक्षक असून नसल्यासारखा.

तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ३३२८. पण मानक कागदावर असून काय उपयोग? ते पाळलं जातं का, हे कुणीतरी येऊन बघायला हवं. सोसायटीचा असो, हॉटेलचा असो की पालिकेचा, प्रत्येक तलावाची अचानक तपासणी व्हावी, तिचा निकाल दारावर लागावा आणि दोष निघाला तर तो दूर होईपर्यंत तलाव बंद राहावा. खाणावळीत स्वच्छता मागतो, तशीच ही मागणी आहे. यात जगावेगळं काही नाही.

तोवर या सुट्टीत प्रवेशाचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी बघाच. तळ स्वच्छ दिसतो का? जाळी घट्ट आहे का? जीवरक्षकाचं लक्ष पाण्याकडे आहे का? आजचा क्लोरीन किती? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर पैसे पर्समध्येच ठेवा आणि का ठेवले, हे काउंटरवर सांगून या. दहा आयांनी हेच केलं, तर अकरावीला फळा लावलेला दिसेल.