आरंभाची रूपके आणि तांड्याचे वाङ्मय

‘ब्रेक न्यू ग्राउंड’, ‘ले द फाउंडेशन’ हे आरंभवाचक शब्दबंध इंग्रजीत इतके रुळले आहेत की त्यांतील रूपक कोणाला जाणवत नाही. एकात नवी जमीन फोडली जाते, दुसऱ्यात पाया घातला जातो. दोहोंत जमीन आणि तीवर स्थिरावलेला माणूस गृहीत असतो. वाङ्मयेतिहासकार ‘नव्या प्रवाहाची पायाभरणी’ असे लिहितो, तेव्हा हे गृहीतक त्याच्याही नकळत निकष बनते.

यावर देशी शब्दांकडे वळण्याचा उपाय सुचवला जाईल. पण तो अपुरा आहे. ‘पाया’ मराठीला परका नाहीच. आणि ‘श्रीगणेशा’ तर पाटीवर गिरवावा लागतो. ज्याच्या बोलीला स्वतःची लिपी नाही, त्याने तो कोठे गिरवावा?

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची (१७३९–१८०६) समाधी आहे. तिच्याशी श्रद्धेने जोडलेला बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत पिढ्यान्‌पिढ्या फिरला. त्याच्या गोरबोलीत लेंगी आहे, भजने आहेत, माहेरचा तांडा सोडताना नवरीने रडत गायचा ढावलो आहे. ढावलोत नव्या आयुष्याचा आरंभ म्हणजे निघणे. तेथे पाया घातला जात नाही. तो प्रथम कोणी रचला हा प्रश्नही गैरलागू ठरतो, कारण प्रत्येक नवरी तो नव्याने आरंभते. तरीही या साऱ्याची बोळवण ‘पूर्वपीठिका’ म्हणून होते आणि ‘आरंभा’चा मान छापील पुस्तकाला मिळतो.

एडवर्ड सईद यांनी ‘बिगिनिंग्ज’ (१९७५) या ग्रंथात उगम आणि आरंभ यांत भेद केला. उगम दैवी मानला जातो. आरंभ माणूस हेतुपूर्वक निवडतो. हा भेद मान्य असेल, तर मुद्रणाला आरंभ ठरवणे ही इतिहासकाराची निवड आहे आणि तिचे उत्तरदायित्वही त्याचेच.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बंजारा वारसा त्या दिवशी सुरू झाला, असे कोणीही म्हणणार नाही. बंजारा साहित्य पहिल्या पुस्तकापासून मोजणारा समीक्षक मात्र नेमके हेच म्हणत असतो. ढावलो लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत आणि आत्मकथन वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत, ही विभागणी जोवर टिकून आहे, तोवर ‘वंचितांच्या साहित्याचा उदय’ या शब्दांना अर्थ नाही. उदय झाला तो समीक्षकाच्या दृष्टीचा. साहित्य आधीपासून चालत होते.